समासातले मराठी

शनिवारी सकाळी अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फेरी मारल्यावाचून माझा आठवडा पुरा होत नाही, हे या सदराच्या वाचकांस विदित आहेच. गेल्या शनिवारी तेथे बी. ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलेली एक मुलगी ‘हॅम्लेट’ची प्रत मागत असता, “टेक्स्ट कशाला, ताई? गाईड न्या, परीक्षेपुरतं सगळं आलंय त्यात,” असा सल्ला दुकानदाराने दिला आणि तिने तो निमूटपणे मानला, तेव्हापासून मनाला लागलेली रुखरुख आज येथे मांडतो.

त्या मुलीस मी बोल लावीत नाही. कथासार, पात्रांचे स्वभावविशेष आणि हमखास येणारे दहा प्रश्न एवढ्या सामग्रीवर जर परीक्षेची तजवीज होत असेल, तर पाच अंकांचे नाटक वाचण्याचा खटाटोप तिने का करावा? परंतु साहित्याची पदवी ही वाचल्याची सनद असते. न वाचताच ती पदरात घालणे म्हणजे जमीन न मोजता सातबारा हाती देणे होय.

आपल्याकडे हे वाचन अशा पदवीची वाट पाहत बसले नव्हते. ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा निघाली ती १८९४ साली. त्याच्या अकरा वर्षे आधी, १८८३ मध्ये, आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे मराठी रूप छापून निघाले होते, आणि पुढे इंग्रजी शिकवणाऱ्या विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणला.

ती मुलगी निघून गेल्यावर, तिला न लागलेली ‘हॅम्लेट’ची जुनी प्रत मी सहज उघडली. कोण्या विद्यार्थ्याने पानापानावर, ओळींच्या वर आणि समासात, बारीक पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. तिसऱ्या अंकातील त्या विख्यात स्वगतात ‘कॉन्शन्स’ या शब्दावर त्याने प्रथम ‘सदसद्विवेकबुद्धी’ लिहिले, मग ते खोडून ‘जाणीव’ केले, तेही खोडले, आणि शेवटी समासात ‘विचार?’ असे लिहून प्रश्नचिन्ह इतके दाबून काढले की मागील पानावर त्याचा वण उमटला होता. या एका शब्दाविषयी मोठमोठ्या भाष्यकारांचाही खल झालेला आहे. तोच खल हा मुलगा, बहुधा वसतिगृहातील एखाद्या खोलीत, आपल्या मातृभाषेच्या शब्दांनी एकट्याने करीत होता.

इंग्रजी साहित्य शिकणे ते हेच, असे मी मानतो. परभाषेतील शब्द आपल्या शब्दांशी ताडून पाहावा, तो कोठे जुळतो व कोठे निसटतो हे न्याहाळावे, आणि या उलाढालीत ज्या शब्दांना आपण जन्मभर गृहीत धरले त्या ‘विवेक’, ‘जाणीव’, ‘विचार’ यांतील अंतर प्रथमच ध्यानी यावे, याहून मोठा लाभ कोणती पदवी देणार? आगरकरांची लेखणीही अशाच शब्दांपाशी अडखळली असेल, आणि त्या अडखळण्यातूनच मराठी गद्य समर्थ होत गेले.

गाईडात त्या शब्दापुढे एकच अर्थ छापलेला असतो, आणि समास कोरा असतो. ती प्रत मी विकत घेतली आहे. पुढच्या शनिवारी ती मुलगी दिसली तर तिच्या हाती देईन, आणि सोबत एक पेन्सिलही.