चिमूटभर कुंकवाचे शास्त्र

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर मागे पडले की कुर्डुवाडीच्या अलीकडे केम हे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील हे गाव श्रीउत्तरेश्वराचे आणि कुंकवाचे. पंढरीच्या वाटेवरील दुकानांत लाल राशींचे जे डोंगर भाविकांना दिसतात, त्यांच्याशी केमचे नाव पिढ्यानपिढ्या जोडले गेले आहे. देव्हाऱ्यातील करंड्यात बोट बुडवताना त्या चिमूटभर चूर्णामागे किती विद्याशाखा उभ्या आहेत, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मूळ द्रव्य हळद. हळद पिवळी, कुंकू लाल. मग हा रंग आला कोठून? चुन्याची निवळी पडताच हळद लाल होते, हे घरातल्या आजीला ठाऊक होते; शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदाने अल्क ओळखायला शिकवतात, तेही तेच. परंपरागत कृतीत टाकणखार आणि लिंबाचा रस वापरतात. त्यातील बोरॉन आणि हळदीचे रंगद्रव्य यांच्या संयोगातून लाल द्रव्य तयार होते. ते पिवळे रंगद्रव्य युरोपातील रसायनज्ञांनी १८१५ साली वेगळे काढले आणि त्याची रचना उलगडायला १९१० साल उजाडले. कारागिराचा हात मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्या संयोगाचे प्रमाण अचूक साधत होता.

पण कुंकू रसायनशास्त्रापाशी संपत नाही. हळदीचे कोणते वाण कोणत्या जमिनीत रंग धरते, हे सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राचे काम. स्वस्त कुंकवातील कृत्रिम रंगांमुळे कपाळाला खाज सुटते, चट्टे पडतात; त्याची नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी ठेवायची. कुंकू धर्मशास्त्रात कसे आले, लोकाचारात कसे रुळले, हे संस्कृतज्ञाने आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाने सांगायचे. आणि तेच कुंकू पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या कपाळावरून पुसण्याची निर्दय रीत कशी रूढ झाली, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञाचा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असा ठराव एका गावात का होतो आणि शेजारच्या गावात का होत नाही, हेही संशोधनच आहे, आणि ते कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच निकडीचे आहे.

या विद्याशाखांना एकमेकींची गरज किती असते, याचा धडा हळदीनेच दिला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ज्या देशात बोट कापले की आई प्रथम हळदीचा डबा उघडते, त्या देशाला हा धक्काच होता. शोधकर्ते म्हणून नोंदलेले दोघेही मूळ भारतीय वंशाचे होते, हा त्यातला आणखी एक टोचणारा तपशील. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. ‘आमच्याकडे हे सर्वांना माहीत आहे’ एवढे म्हणून तेथे भागत नव्हते. छापील पुरावा हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ होते, तसेच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पेटंटचे दावे फेटाळले.

हा विजय घोषणांचा नव्हता, की केवळ रसायनज्ञांचाही नव्हता. पोथी वाचू शकणारा, तिचा काळ ठरवू शकणारा आणि तिचा अर्थ परक्या भाषेत निःसंदिग्धपणे मांडू शकणारा विद्वान नसता, तर देशातील साऱ्या प्रयोगशाळा मिळूनही तो खटला हरल्या असत्या. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय संग्रह उभा राहिला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत नोंदवले गेले. वैद्य, भाषापंडित, संगणकतज्ज्ञ आणि विधिज्ञ एका मेजाभोवती बसले, तेव्हा हे घडले.

म्हणूनच २०२३ च्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायद्याचे स्वागत करताना एक खंतही नोंदवायला हवी. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनाकडे वळवण्याचा संकल्प मोठा आहे. देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता, हे पाहता तो आवश्यकही होता. परंतु त्या कायद्याच्या कक्षेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे सांधा जुळतो तेवढ्यापुरतीच. स्वत्वाची भाषा बोलणाऱ्या राज्यकर्त्यांनी तरी इतिहास, पुरालेख, भाषा आणि तत्त्वज्ञान यांना ओसरीवर बसवू नये.

केमपासून फार दूर नसलेल्या माढ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरपूरच्या मूर्तीविषयीची परंपरा, स्थलपुराणे, शिल्पलक्षणे आणि धनगर-गवळ्यांचे लोकदैवत यांचा धांडोळा घेतला आणि विठ्ठलाची आद्य मूर्ती माढ्याची असल्याचे मत मांडले. भाविकांपैकी अनेकांना ते रुचले नाही, वाद झाला. पण ढेरे अश्रद्ध नव्हते. विठ्ठलाविषयीच्या प्रेमापोटीच त्यांनी ते प्रश्न विचारले होते. १९८७ साली या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचा निष्कर्ष मान्य करणे किंवा न करणे हा ज्याचा त्याचा अधिकार. मात्र तो खोडायचा तर शिलालेखाला शिलालेखाने आणि पोथीला पोथीनेच उत्तर द्यावे लागेल. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेची जी नासधूस झाली, तिने कोणत्याही महापुरुषाचा मान तसूभरही वाढला नाही.

येथे थोडे आत्मपरीक्षणही हवे. डाव्या विचारांच्या मंडळींनी विद्यापीठांतील इतिहास विभाग बळकावले, या देशाचा भूतकाळ परक्यांच्या चष्म्यातून लिहिला, ही तक्रार राष्ट्रीय विचारांच्या परिवारांत गेली कित्येक दशके ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. पण ती तक्रार करणाऱ्या घरांतील किती मुले मोडी शिकतात? दहावीला गुण चांगले मिळाले की अभियांत्रिकी नाही तर वैद्यकीय, हे जवळजवळ ठरलेलेच. कला शाखेचे नाव काढले तर ‘पुढे काय करणार?’ म्हणून घरात सुतकी शांतता पसरते. रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीवर दुसरा कोणी येऊन बसला, तर दोष केवळ बसणाऱ्याचा नसतो. दुसरीकडे, विमानापासून अणूपर्यंत सारे काही आपल्या ग्रंथांत होते, असे सभांतून ठोकून देण्याची सवयही वाढते आहे. अशा एका निराधार दाव्याने शंभर खऱ्या दाव्यांची पत जाते. हळदीचा खटला बत्तीस संदर्भांवर जिंकला गेला, टाळ्यांवर नव्हे.

सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले आणि २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. मोहोळच्या केंद्राने मालदांडी ज्वारीची निवड करून कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाकरीची सोय केली, अशी संशोधनाची परंपरा या जिल्ह्याला आहे. मात्र पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिलेले आणि कोणीही न वाचलेले प्रबंध देशभरातील ग्रंथालयांत धूळ खात पडले आहेत, त्यांत आणखी भर कशाला? केमच्या कुंकू उद्योगाचा इतिहास हा प्रबंधाचा विषय का होऊ नये? टिकल्यांच्या पाकिटांनी आणि कृत्रिम रंगांनी या उद्योगावर काय परिणाम केला, हळदीची खरेदी कोठून होत गेली, कामगार स्त्रियांचे जीवन कसे बदलले, जुन्या कृतीत टाकणखाराचे प्रमाण काय होते? अशा गोष्टींचे कागद बहुधा नसतात. त्या वृद्ध कारागिरांच्या स्मरणात असतात. सोलापूरहून सकाळी निघालेला विद्यार्थी वही घेऊन दुपारच्या आत केमला पोहोचू शकतो.