दिवसाला साडेसात हजार विटा? मशीनसाठी कर्ज काढण्याआधी हा हिशेब करा

जुन्नर/आंबेगाव : केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रामीण भागासाठी आणखी २ कोटी घरकुलांना मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांसाठी मंजुरीपत्रं निघाली. म्हणजे विटांना मागणी राहणार. त्यात ‘पीएमईजीपी’मधून ५० लाखांपर्यंतच्या उत्पादन प्रकल्पाला ग्रामीण भागात २५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. त्यामुळे राखेच्या विटांची हायड्रॉलिक मशीन घ्यावी, असा विचार कुणाच्याही मनात येईल. प्रश्न एकच : मशीन खरंच किती विटा काढते?

कॅटलॉगचा हिशेब

समजा, एका दाबात ४ विटा आणि एका दाबाला १५ सेकंद. तासाला ९६० विटा, आठ तासांत ७,६८०. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २३ लाख. कागदावर झकास!

जागेवरचा हिशेब

प्रेस कितीही पळाली तरी तिला माल पुरवतो तो मिक्सर. एक वीट सव्वातीन किलोची धरा. २५० किलोचा घाणा भरून, कालवून, रिकामा व्हायला ८ मिनिटं लागली, तर तासाला १,८७५ किलोच माल मिळतो. त्याच्या विटा होतात ५७७. उरलेला वेळ प्रेस नुसती उभी!

सकाळची तयारी, साफसफाई, जेवण, लाईटचा खेळखंडोबा यात दोन तास जातात. राहिले सहा तास. पाच टक्के फूटतूट वजा केली की हातात येतात सुमारे ३,३०० विटा.

आता दिवस मोजा. पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात उघड्यावर काम होत नाही. पूर्व भागात उन्हाळ्यात पाण्याची बोंब, आणि या विटांवर दोन-तीन आठवडे पाणी मारावंच लागतं. चौदा दिवसांच्या ४६ हजार विटा थप्पी लावून ठेवायला जागा हवी. राख एकलहऱ्याहून आणायची तर शंभर किलोमीटरहून जास्त वाहतूक. गाडी चुकली की काम बंद. वर्षाला २०० दिवस धरले तर साडेसहा लाख विटा. कॅटलॉगच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

हप्ता विटेवरच बसतो

वर्षाचा हप्ता ४ लाख असेल, तर २३ लाख विटांवर विटेमागे १७ पैसे पडतात. साडेसहा लाखांवर सुमारे ६१ पैसे. बँक हप्ता मागताना मशीनचा वेग विचारत नाही.

मोठा मिक्सर घेतला तर आकडा वाढेल, पण वीजभार, मजूर आणि कर्जही वाढेल. म्हणून सौदा करण्याआधी चालू कारखान्यावर एक अख्खा दिवस उभे राहा. मोबाईलचं घड्याळ लावून आधी मिक्सरचे घाणे मोजा, मग प्रेसचे दाब आणि संध्याकाळी थप्पीतल्या चांगल्या विटा. प्रकल्प अहवालात हा शेवटचाच आकडा लिहा. त्यावर हप्ता बसत असेल, तरच सही करा.