रेकॉर्डर स्वस्त चालेल, साक्ष कच्ची चालणार नाही

महाद्वार रोडपासून गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेपर्यंत दारावर कॅमेरा नसलेले दुकान आज विरळाच. पण कॅमेरा म्हणजे नुसता डोळा. पाहिलेले लक्षात ठेवतो तो रेकॉर्डर, आणि आमचे व्यापारी बांधव हात आखडता घेतात तो नेमका इथेच. काटकसर जरूर करावी, इस्राफ आपल्याला मनाच आहे. तथापि ती कुठे करावी आणि कुठे करू नये, याचा हिसाब आधी मांडला पाहिजे.

चार कॅमेऱ्यांच्या दुकानाला सोळा चॅनेलचा रेकॉर्डर लागत नाही. भिंतीत जुनी कोएक्सियल केबल असेल तर चार चॅनेलचा साधा डीव्हीआर पुरे. पैसा वाचवायचा तो इथे. मात्र खोक्यावर '१०८० लाइट' असे लिहिले असेल तर सावध असावे. त्यात चित्र १९२० ऐवजी ९६० ठिपके रुंदीचे साठवले जाते. रोज पडद्यावर पाहताना हा फरक कळत नाही. चोराचा चेहरा मोठा करून पाहायची वेळ आली की कळतो. सबब दाराचा आणि गल्ल्याचा कॅमेरा पूर्ण १०८० वर रेकॉर्ड होतो, हे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता हार्डडिस्क. जुन्या एच.२६४ पद्धतीत एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट घेतो असे धरले, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसांतच भरते आणि जुने पुसून नवे लिहू लागते. एच.२६५ पद्धतीत साधारण निम्म्या जागेत काम भागते. त्यासोबत २ टीबीची डिस्क घेतली तर जवळपास तेवीस दिवस हाती राहतात. कापडाच्या धंद्यात मालाची तूट महिनाअखेरीस, मोजदादीच्या वेळी उघडकीस येते. सहा दिवसांची आठवण तिथे काय कामाची? डिस्कही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेलीच घ्यावी; जुन्या संगणकातून काढलेली नको.

कित्येक जण म्हणतात, रेकॉर्डर कशाला, मोबाइलवर इंटरनेटने सारे दिसते. ७ जून २०२३ आठवावा. शहरात दगडफेक झाली, दुकानांचे नुकसान झाले, आणि इंटरनेट बंद करण्यात आले. अशा दिवशी दुकानातली डिस्क हीच साक्षीदार. तीही उंचावर हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली होती. गल्ल्याखालचा रेकॉर्डर पुरात पहिला जातो, आणि चोराच्या हातीही पहिला लागतो. माळ्यावर, कुलपात, छोट्या यूपीएसला जोडून ठेवावा.

साक्ष कोर्टात टिकली पाहिजे. जालन्याच्या एका निवडणूक वादात अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले, की मूळ यंत्र हजर न करता चित्रीकरणाची प्रत दिली तर कायद्याचे प्रमाणपत्र सोबत हवेच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. म्हणून घटना घडताच प्रत काढून घ्यावी, आणि प्रमाणपत्रासाठी वकिलांना गाठावे. रेकॉर्डरचे घड्याळ दर महिन्याला तपासावे. वीस मिनिटे चुकलेल्या घड्याळावर समोरचा वकील बोट ठेवणारच. कंपनीने दिलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा.

शेवटी एक गोष्ट ईमानाची. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खाजगीपणात डोकावण्यास मनाई आहे. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या मालाकडे आणि दाराकडे असावे. कपडे बदलण्याच्या खोलीकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे कदापि नाही. दुकानात येणाऱ्या आया-बहिणींचे चित्र आपल्यापाशी अमानत आहे. ते नोकरांच्या मोबाइलवर फिरता कामा नये.

चॅनेल कमी घ्या, दिवस जास्त घ्या. ज्या दिवशी आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, त्या दिवशी हाच खर्च कामी येईल.