दुपारचं ताट, रात्रीचा डबा

दिवाळीचा फराळ संपला, नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आपल्याकडे संकल्पांचं पीक येतं. "आजपासून भात बंद." "संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप." डहाणूला पारनाक्याच्या किनाऱ्यावर सकाळी सकाळी नवे कोरे बूट दिसायला लागतात. तलासरीत शेजारणी-शेजारणी मिळून चालायला जायचं ठरवतात. पंधरा दिवस सगळं झोकात चालतं. मग एका रात्री, घर झोपल्यावर, स्वयंपाकघरातला दिवा न लावताच शेवेचा डबा उघडला जातो. शेव संपते, मग बिस्किटं, मग दुपारचा उरलेला गार भात. चव कळत नाही, पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. सकाळी कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डबा घासून जागेवर ठेवला जातो, आणि चालायचे बूट पलंगाखाली जातात.

मैत्रिणींनो, हे वाचताना एखादीच्या मनात आलं असेल, "माझ्या घरातलं हिला कसं कळलं?" कारण हे एका घरातलं नाहीच. फक्त प्रत्येकीला वाटतं, अशी मी एकटीच. आपल्या गावात फरसाणवाल्यापासून केमिस्टपर्यंत सगळे ओळखीचे. तिथे "मला रात्री खाणं आवरत नाही" हे बोलायचं तरी कुणाजवळ?

आधी एक गोष्ट साफ करू. लग्नात चार गुलाबजाम जास्त खाल्ले, गणपतीत मोदकांवर ताव मारला, याला आजार म्हणत नाहीत. ते खाणं चारचौघांत असतं, आनंदाचं असतं. झटका येऊन होणारं खाणं वेगळं. थोड्या वेळात खूप खायचं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं. डॉक्टर याला 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या आजारांच्या यादीत याला स्वतंत्र जागा दिली. असं आठवड्यातून निदान एकदा आणि तीन महिने होत राहिलं, तर तो आजार धरतात. म्हणजे ज्याला आपण घरात 'हावरटपणा' म्हणतो, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपचारही आहेत.

कुणी म्हणेल, डहाणू-तलासरीत बसून जास्त खाण्याच्या गोष्टी काय करता? हे तालुके तर पेपरात येतात ते कुपोषणाच्या बातम्यांत. बरोबर आहे, आणि म्हणूनच हा विषय इथे बोलायला हवा. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या आणि सुमारे १९ टक्के हव्या त्यापेक्षा कमी वजनाच्या. बाजारपेठेतल्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि पाड्यावर राहणारी, या दोघी एकमेकींच्या विरुद्ध टोकाला आहेत असं आपल्याला वाटतं. पण दोघींमध्ये एक गोष्ट सारखी सापडते. घरातल्या बाईचं ताट सगळ्यांत शेवटी वाढलं जातं, आणि कधी कधी वाढलंच जात नाही.

बघा ना, फ्लॅटमधल्या बाईचा दिवस कसा जातो. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. २०१३ साली चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. ती गाडी पकडणारी तर डबे सगळ्यांचे भरते, स्वतः मात्र उपाशी पळते. सोमवार आहे, चतुर्थी आहे, मार्गशीर्षातला गुरुवार आहे. त्यात आता डाएटची भर पडली आहे. सोळा तास उपाशी राहायचं, पोळी सोडायची, रात्री नुसतं सूप. दुपारी तीनला उभ्या उभ्या दोन घास, तेही मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून. दिवसभर शरीर भुकेचा निरोप पाठवत असतं आणि ती तो परत पाठवत असते. रात्री अकरा वाजता शरीर वसुलीला येतं.

हे नुसतं माझं मत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. हे सगळे स्वखुशीने आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण पंधराशे-सोळाशे कॅलरी देऊन. आज हातोहात फिरणारे कितीतरी डाएटचे तक्ते याहून कमीच देतात! त्या तरुणांना मग दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही काहींना किती खाल्लं तरी समाधान होईना, हात थांबेना. ही धट्टीकट्टी, निवडून घेतलेली पोरं होती. त्यांच्या मनाचा ताबा भुकेपुढे सुटला, तर आपण स्वतःला 'मनाने कमकुवत' का म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रात्रीचा झटका थांबवायचा असेल तर रात्रीशी भांडू नका, दुपार सांभाळा. या आजारावर इंग्लंडमधल्या ख्रिस्तोफर फेअरबर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी जी पद्धत बसवली, तिची पहिली मोठी पायरी हीच आहे. दिवसात तीन वेळा जेवण आणि मध्ये दोन-तीनदा ठरवून थोडं खाणं. दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. भूक लागो न लागो, घड्याळ सांगेल तेव्हा खायचं. आणि सगळ्यांत कठीण पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, रात्री झटका आला तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो. "काल खूप खाल्लं, आज उपास." तिथेच पुढच्या झटक्याची पेरणी होते.

यासाठी महागडा ओट्सचा डबा नको. तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, डाळ, भाजी, असेल तर मासळी, दह्याची वाटी. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे. घरचा चिकूही चालेल. डायबेटिस असेल, गोळ्या-इन्सुलिन चालू असेल, तर वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. फरसाण घरातून हद्दपार करू नका, मनाई केलेलीच गोष्ट रात्री हाक मारते. खायचं तर बशीत घ्या, खाली बसा, दिवा लावा, चारचौघांत खा. वजनकाट्यावर रोज चढू नका, आठवड्यातून एकदा पुरे. एका वहीत काय खाल्लं, किती वाजता, तेव्हा मनात काय होतं, एवढं लिहा.

कारण झटका नेहमी भुकेनेच येतो असं नाही. कधी सासरच्या बोलण्याने येतो, कधी पैशाच्या काळजीने, कधी नुसत्या एकटेपणाने. पुष्कळ जणींना दिवसभरात स्वतःची अशी वेळ मिळते ती रात्रीचीच, आणि त्या वेळी सोबतीला असतो तो डबा. वहीत हे दिसायला लागलं की निदान कळतं, भूक पोटाची होती की आणखी कशाची.

आपल्या भागात या विचाराचं एक चांगलं उदाहरण आहे. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि बाळंत बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण, गरम जेवण द्यायचं, असं त्यात ठरलं. शिधा घरी दिला तर तो घरभर वाटला जाणार आणि तिच्या वाट्याला उरलंसुरलं येणार, हे कुणाला सांगायला हवं? तिने बसून, वेळेवर, स्वतःच्या ताटात जेवायचं. योजनेच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, पण विचार पक्का आहे. पाड्यावरच्या बाईसाठी सरकारला जे कळलं, ते बाजारपेठेतल्या घरांना का कळू नये?

आता राहिला फिटनेस. "मनच लागत नाही हो," असं सगळ्या म्हणतात. मन आधी लागेल आणि मग पाय चालतील, ही वाट बघण्यात वर्षं जातात. पाय चालायला लागले की मन मागून येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याहून कमी जमलं तरी काहीच न करण्यापेक्षा ते बरं. तेव्हा दहा मिनिटांपासून सुरुवात करा. किलोंचं ध्येय ठेवू नका. 'स्टेशनचा पूल धाप न लागता चढेन' असं ध्येय ठेवा. आणि खाल्ल्याची शिक्षा म्हणून चालू नका, शिक्षेला कुणी आनंदाने जात नाही. आपल्या वारली भावंडांचा तारपा नाच बघा. एकमेकांच्या कमरेला धरून तारप्याभोवती तासन् तास फेर चालतो. कॅलरी मोजायला तिथे कुणी येत नाही. सोबत आहे, ताल आहे, म्हणून पाय थकत नाहीत. आपल्यालाही एक सोबतीण आणि एक ठरलेली वेळ पुरे. जी बाई दिवसभर वाडीत, भातखाचरात राबते तिला मात्र व्यायामाचे धडे देऊ नका. तिला हवं ते पोटभर अन्न आणि थोडी विश्रांती.

थोडं घरच्यांनाही सांगायचं आहे. "केवढी सुटलीस!" ही आपल्याकडे ख्यालीखुशाली विचारायची पद्धत झाली आहे. ती बंद करा. त्याऐवजी दुपारी दोनला एकदा विचारा, "तू जेवलीस का?" आणि डहाणूची नगरपरिषद असो की तलासरीची नगरपंचायत, बाईला संध्याकाळी निर्धास्त चालता येईल असा दिव्याखालचा एखादा सपाट रस्ता आणि जवळ स्वच्छतागृह, एवढं मागणं फार नाही. निवडणुकीत मत मागायला आले की हे विचारा.

एवढं करूनही झटके थांबत नसतील, खाल्लेलं उलटी करून काढावंसं वाटत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर घरच्या उपायांवर थांबू नका. सरकारी रुग्णालयात जा आणि "मला खाणं आवरत नाही" हेच शब्द डॉक्टरांना सांगा. तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली, फोन मोफत आहे, आणि नाव-गाव सगळ्यांना कळेल ही भीतीही नाही.

नव्या संकल्पासाठी पाडव्याची वाट बघायला नको, आणि उद्याच्या सोमवारचीही नको. आज दुपारी सगळ्यांची ताटं वाढताना आपलंही ताट वाढा. गरम असतानाच बसा. कुणी पाणी मागितलं तर त्याला उठून घेऊ द्या.