सावली हरवलेला रविवार

मे महिन्यात मलकापुरात रात्री घरात झोपायचं म्हणजे शिक्षाच! कूलर नुसती गरम हवा फेकतो आणि भिंतींना हात लावला तर तव्याची आठवण येते. मग सगळी गल्ली गच्चीवर. परवाच्या शनिवारी आमच्या गच्चीवर शेजारची चार-पाच पोरं वळकट्या घेऊन हजर झाली आणि नेहमीची फर्माईश झाली, "मामा, थंडीचं काहीतरी सांगा!"

मी अंटार्क्टिका काढली. तिथं आता हिवाळा सुरू होतोय, भारताच्या 'मैत्री' तळावर आता दोन महिने सूर्य उगवणारच नाही, बाहेर पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो, असं मी रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात एकानं चादरीतून डोकं बाहेर काढलं.

"काऊन मामा, मग ते लोक तिथं रोज रविवारच करत असतीन ना?"

प्रश्न असा होता, की मला उठून बसावं लागलं.

आधी एक गंमत सांगतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी मलकापुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. अंगणात काठी सरळ उभी करून पाहा, तिची सावली गायब होते. आणि जवळपास त्याच दिवसांत मैत्रीवरच्या माणसांचीही सावली जाते, पण ती सूर्यच क्षितिजाखाली राहतो म्हणून! आपल्याकडे ऊन फार झालं म्हणून सावली नाही, त्यांच्याकडे ऊनच नाही म्हणून सावली नाही. दुपारी थोडा वेळ उत्तरेकडे फिकट उजेड येतो, तेवढाच काय तो दिवस.

आता रविवारचं बघा. आपल्याला रविवार न सांगताच कळतो. शाळेची घंटा नसते आणि आई उशिरा उठवते. तिथं मात्र सोमवार काळा, मंगळवार काळा आणि रविवारही काळाच. उन्हाळ्याच्या शेवटी जहाज परत गेलं, की पंचवीसेक माणसं उरतात आणि पुढचे कितीतरी महिने नवा चेहरा दिसत नाही. १९८४ साली भारताच्या 'दक्षिण गंगोत्री' या पहिल्या तळावर पहिल्यांदा हिवाळा काढला, तेव्हा तर ती अवघी १२ माणसं होती. अशा ठिकाणी सुट्टी आपोआप येत नाही, ती मुद्दाम करावी लागते. नाहीतर झोप बिघडते, चिडचिड वाढते आणि कोणी चहाचा कप जोरात ठेवला एवढ्यावरूनही भांडण होऊ शकतं.

म्हणून कॅरमचे, टेबल टेनिसचे सामने होतात, सिनेमा लागतो, पाळीपाळीनं सगळे स्वयंपाकघरात राबतात. शास्त्रज्ञ असो की डॉक्टर, कांदा सर्वांना चिरावा लागतो! पण सगळ्यांना एकदम सुट्टी कधीच मिळत नाही. हवामान खात्याच्या नोंदी रविवारीही घ्याव्याच लागतात. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं करते, तीही थांबत नाहीत. आणि जनरेटर? तो रविवारी बंद पडला तर सगळे गोठतील.

मला स्वतःला या सगळ्यात आवडते ती फिरायला जाण्याची गोष्ट. हो, त्या अंधारातसुद्धा माणसं हौसेनं फिरायला जातात!

मैत्री उभी आहे ती शिर्माकर नावाच्या खडकाळ पट्ट्यावर. चहूकडे बर्फ आणि मध्ये सुमारे ३५ चौरस किलोमीटर उघडे खडक. त्यात शंभराहून जास्त तळी. तळासमोरच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी. चार-पाच किलोमीटरवर रशियाचा नोवोलाझारेवस्काया तळ आहे, म्हणजे शेजार आहे, येणंजाणं आहे. हवा शांत असली तर आपल्याला तासाभराचा रस्ता. पण हवा शांत असली तर!

तयारी काय करावी लागते, ऐका. टॉर्चची बॅटरी थंडीत चटकन मान टाकते, म्हणून जास्तीची बॅटरी कोटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवायची. उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही, कातडी चिकटते. एकट्यानं जायचं नाही. सोबत्यानं दर थोड्या वेळानं आपल्या तोंडावर उजेड टाकून पाहायचं, कारण नाक गोठायला लागलं, की त्यावर पांढरा डाग पडतो आणि ते नाक बधिर झाल्यामुळे आपल्याला काहीच कळत नाही. आपलं नाक दुसऱ्यानं सांभाळायचं, बरं का!

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे सांगून जायचं. कोण, कुठे, कोणत्या वाटेनं, किती वाजता परत. अमेरिकेचा मॅकमर्डो हा तिथला सर्वांत मोठा तळ. तिथं आठवड्याला सहा दिवस काम आणि रविवारी सुट्टी. जवळच ऑब्झर्व्हेशन हिल नावाची सव्वादोनशे मीटर उंचीची टेकडी आहे, तिच्या माथ्यावर कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या चार सोबत्यांच्या आठवणीसाठी १९१३ साली उभारलेला लाकडी क्रूस आहे. दुसरी लांबची वाट कॅसल रॉक या सुळक्याकडे जाते. तिच्यावर निशाणं रोवलेली आहेत आणि मध्ये सफरचंदासारखे गोल, लाल निवारे आहेत, वादळात शिरून बसायला. १९८६ साली कॅसल रॉककडून परतताना काही जणांनी निशाणांची वाट सोडली. बर्फाखाली लपलेल्या खोल भेगेत पडून दोघांचा जीव गेला. तेव्हा तर उन्हाळा होता, लख्ख उजेड होता.

हे सांगताना मला आमचा आठवीतला पराक्रम आठवला. एका रविवारी आम्ही तिघं "इथंच आहे" असं सांगून एस.टी.नं मोताळ्याच्या पुढे गेलो आणि राजूर घाट पायी चढलो. पावसाळी दिवस, शेवटची गाडी चुकली. रात्री अकराला एका ट्रकवाल्यानं मलकापुरात सोडलं. घरी आलो तर वडील नव्हते. आम्ही पोहायला गेलो असू, असं वाटून ते कंदील घेऊन नळगंगेच्या काठानं आम्हाला शोधत होते. ते परत आले, मला पाहिलं आणि काहीही न बोलता कंदील विझवला. मार बसला असता तर बरं झालं असतं.

"मग अंधारात त्यायले दिसते काय?" पोरांचा पुढचा प्रश्न.

दिसतं तर! कधी आकाशात हिरवे पडदे हलावेत तसा ध्रुवीय प्रकाश दिसतो. आणि वटपौर्णिमा तर विचारूच नका. आपल्याकडे बायका वडाला फेऱ्या घालतात, तिथं चंद्रच फेऱ्या घालतो! जूनमधला सूर्य तिथं उगवत नाही, तसा त्याच्या समोरचा पूर्ण चंद्र काही दिवस मावळतच नाही. तो आकाशाच्या कडेनं गोल फिरत राहतो, तोही उजवीकडून डावीकडे, आणि त्यातला ससा आपल्या मानानं उलटा टांगलेला! बर्फावर त्याचा उजेड इतका पडतो, की माणसांना आपली हरवलेली सावली सापडते. अशा रात्री फिरायला कोण जाणार नाही?

२१ जूनला हिवाळ्याचा मध्य येतो. अंटार्क्टिकावरचे सगळ्या देशांचे तळ तेव्हा एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, मेजवान्या झडतात. तिथून पुढे अंधार उतरणीला लागतो आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात क्षितिजावर सूर्याची कड दिसते. आपल्या मलकापुरात त्याच सुमारास सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो, फक्त ढगांमुळे आपण तो पाहत नाही.

एवढं सांगेपर्यंत दोघं घोरायला लागले होते. प्रश्न विचारणारा मात्र जागा होता. सकाळी पाहतो तर त्याचं अंथरूण रिकामं. उशीवर दगडाखाली वहीचा कागद दाबलेला होता :

"मामा, मी, बंड्या आणि पक्या स्टेशनावर गाड्या पाहायला जातो. पुलावरून जाऊ, रुळावरून नाही. साडेआठला वापस."

आले पावणेनवाला. पंधरा मिनिटं मी गच्चीच्या कठड्याशीच उभा होतो.