दुपार न पाहणारी

दिवाळी अंकात खाण्याविषयी लिहायचे तर चकली, कडबोळी, शंकरपाळे आणि अनारसे यांच्यापलीकडे जाऊ नये, असा एक अलिखित दंडक आहे. ही सगळी टिकाऊ खात्यातली मंडळी. डब्यात भरावी, झाकण घट्ट लावावे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत येईल त्या पाहुण्यापुढे ठेवीत राहावी. मी मात्र यंदा या पानावर अशा पदार्थाची बाजू मांडणार आहे, की ज्याच्या नशिबी दुपार नसते. सकाळी सातला तो जन्माला येतो. नऊ-साडेनऊपर्यंत इडलीबरोबर संपला तर त्याचे सोने झाले, आणि उरला तर बाराच्या सुमारास त्याला वास येऊ लागतो. दाक्षिणात्यांच्या न्याहारीची ओल्या नारळाची चटणी, ती ही.

दाक्षिणात्य म्हणते खरी, पण मी ती शिकले माटुंग्यात. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी 1932 साली इथे निघाली, रामा नायकांचे उडुपी बोर्डिंग 1942 साली. तेव्हा माटुंग्याला दक्षिणेचा एक तुकडा म्हणायला हरकत नसावी. आमचे शेजारी मूळचे पालघाटचे, म्हणजे केरळातले, पण घरात बोलतात तमिळ. घरात चार माणसे होती. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेल्यापासून तीन उरली: मामा, मामी आणि मामांच्या आई, पाट्टी. मामी म्हणजे आपल्यासारखी मामाची बायकोच, पण तमिळांत कोणत्याही वडीलधाऱ्या गृहिणीला तसे म्हणतात. त्यामुळे मला नाते आयतेच मिळाले.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे माझी पहिली अडचण शब्दाची झाली. आपली चटणी बहुधा कोरडी. शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची, कारळाची. बरणीत राहणारी आणि दशम्यांबरोबर प्रवासाला जाणारी. ओली असली तरी तिची जागा ताटाच्या डाव्या बाजूला, मीठलिंबाच्या शेजारी, बोटाने चाखण्यापुरती. शब्दच मुळी चाटण्यावरून आलेला! मामींच्या घरी चटणी पळीने वाढतात. तिथे इडली हे केवळ निमित्त. तमिळमध्ये 'चट्नी' हा शब्द उत्तरेकडून गेला. त्यांचा स्वतःचा शब्द 'तुवैयल', पण तो त्यांनी भातात कालवायच्या घट्ट वाटपाला राखून ठेवला आहे. मिरचीच्या बाबतीत तर दोन्ही भाषांना एकच युक्ती सुचली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ही परकी पाहुणी आली, तेव्हा आपण मिरीवरून तिला मिरची म्हटले. तमिळांनी 'मिळगु' म्हणजे मिरी, त्यावरून 'मिळगाय्' केले. तिच्यापूर्वी वाटपाला तिखटपणा आणायचा तो मिरीने, आल्याने.

असो. कृती सांगते, कारण ती सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही.

एक मध्यम नारळ फोडून खवावा. खवताना करवंटीलगतच्या तपकिरी सालीपर्यंत जाऊ नये. आपण काटकसरी लोक करवंटी चकचकीत होईपर्यंत खवतो आणि मग चटणी मळकट का दिसते म्हणून विचारतो. त्यात चार-पाच हिरव्या मिरच्या, आल्याचा लहानसा तुकडा, मीठ आणि दोन मोठे चमचे डाळं. डाळं म्हणजे आपली पंढरपुरी डाळ, तमिळांची 'पोट्टुक्कडलै'. हे डाळं केवळ चवीसाठी नसते. नारळ आणि पाणी यांचे फार वेळ जमत नाही. दहा मिनिटांत चोथा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होते. डाळं ते पाणी शोषून दोघांना एकत्र धरून ठेवते. प्रमाण वाढले तर मात्र ते मध्यस्थ राहत नाही, घराचा मालक होते. नारळ महागला की हॉटेलांतल्या चटणीत नेमके हेच घडते.

पाणी थोडे थोडे घालावे आणि थंडीत ते कोमट असावे. खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात गोठलेली आपण पाहतोच. सुमारे 24 अंशांच्या खाली नारळातले स्निग्ध घट्ट होऊ लागते. वाटण फार वेळही फिरवू नये, तेल सुटते. मामींना हे मिक्सरच्या आवाजावरून कळते. आधी खडखड, मग घरघर, आणि मग एक जाडसर, ओला आवाज येतो. तो आला की बटण बंद. पाट्टींच्या काळी हे काम पाट्यावरवंट्यावर चाले, तेव्हा हाताला कळायचे ते आता कानाला कळते, एवढाच फरक.

शेवटी वरून फोडणी. खोबरेल तेलात मोहरी, ती तडतडली की उडदाची डाळ, लाल मिरची, कढीलिंब आणि हिंग. उडदाची डाळ लालसर व्हावी, काळी नव्हे, आणि फोडणी पडताच चटणी पानात जावी. ती डाळ दाताखाली कुरकुरते ती जेमतेम अर्धा-पाऊण तास. पुढे भिजून मऊ पडते. मी एकदा चिमूटभर साखर घालू का म्हणून विचारले होते. मामी म्हणाल्या, "साखर कॉफीत घालतात गं."

तर या पदार्थाचे मर्म असे की, तो साठवता येत नाही. इडलीचे पीठ आंबते, चार दिवस राहते, म्हणून त्याचा व्यापार झाला. माटुंग्यातच काय, कुठल्याही शहरात ते विकत मिळते. चटणीला पाणी आहे, स्निग्धता आहे, पण टिकवून धरील एवढे मीठही नाही आणि आंबटपणाही नाही. तेव्हा ती रोज करायची. आणि रोज करायची म्हणजे रोज कुणीतरी उठायचे. त्या 'कुणीतरी'चे नाव पाककृतीच्या पुस्तकात नसते. मामींनी मला एकदा हिशेब सांगितला होता: "बत्तीस वर्षांत एकदाच उशिरा उठले. मुलगी झाली त्या दिवशी."

गेल्या वर्षी त्याच मुलीच्या बाळंतपणासाठी मामी पाच महिने अमेरिकेला गेल्या. घरी राहिले सत्तरीचे मामा आणि अठ्ठ्याऐंशीच्या पाट्टी. दुपारचा डबा ठरला, रात्रीला दहीभात पुरे झाला. प्रश्न होता न्याहारीचा. पाट्टींचे खरे जेवण म्हणजे सकाळच्या दोन इडल्या. दात नाहीत, दृष्टी अधू, बाकी दिवसभर त्या चिमणीएवढे खातात.

मामा हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात हॉटेलातली चटणी आणली. ती पाट्टींनी बोटाने हलवून पाहिली आणि राहू दिली. मग पाकिटातली भुकटी पाण्यात कालवून झाली. तिसऱ्या आठवड्यात मामांनी रविवारी सबंध आठवड्याची चटणी एकदम करून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी तिच्यात मेणासारख्या गुठळ्या झाल्या आणि फोडणीचा लगदा. त्या सकाळी पाट्टींनी साखरेचा डबा मागितला आणि इडली साखरेबरोबर खाल्ली. तक्रारीचा शब्दसुद्धा नाही. मंगळवारीही साखर. बुधवारी त्यांनी एकच इडली खाल्ली.

बुधवारी संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. हातात वही होती. रोज त्यांच्यासाठी वाटीभर चटणी करून देणे मला जड नव्हते. आमच्याकडे मिक्सर फिरतोच. माझ्या घरच्यांनी तर मी ते कबूल करीन असे गृहीतच धरले होते. पण मला वाटले, मी हो म्हटले तर या घरातली एक बाई गेली आणि तिच्या जागी शेजारची उठू लागली, इतकेच होणार. सत्तर वर्षांच्या धडधाकट माणसाला नारळ फोडता येऊ नये, असे काही शास्त्र नाही. मी म्हटले, "मामा, करून देत नाही. शिकवते. उद्या साडेपाचला येते."

ते जरा गप्प राहिले. मग वही उघडून म्हणाले, "नारळ एक. पुढे?"

मी तीन सकाळी गेले. पहिल्या दिवशी खवणीने अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी मोहरी तडतडण्याआधीच डाळ पडली आणि मोहरी कच्ची राहिली. तिसऱ्या दिवशी रंग पांढरा आला, डाळ लाल झाली, आणि मामांनी पानात वाढून श्वास रोखल्यासारखे उभे राहिले. पाट्टींनी तुकडा मोडला, बुडवला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "उप्पु." म्हणजे मीठ. कमी आहे की जास्त, तेही नाही. मामांनी चिमूटभर घातले. पाट्टींनी दुसरी इडली मागितली.

पुढे तो रोजचा रिवाज झाला. मामा चटणी वाटणार, फोडणीआधी चमचाभर पाट्टींपुढे धरणार आणि त्या मिठाचा निर्णय देणार. मला तर शंका आहे की, मामा मुद्दाम मीठ कमी घालीत. गेली कित्येक वर्षे त्या घरात पाट्टींना कुणी काही विचारले नव्हते. आता सकाळी पावणेसातला त्यांच्याशिवाय न्याहारी अडत होती. मी चौथ्या दिवसापासून जायचे सोडले. वहीत मात्र नोंदी चालू राहिल्या. नारळाचा भाव, मिरच्यांची संख्या आणि शेवटच्या रकान्यात पाट्टींचा शेरा.

मामी दिवाळीच्या आठ दिवस आधी परतल्या. तमिळांची दीपावळी म्हणजे आपली नरकचतुर्दशी. पहाटे तेल लावून न्हाणे दोन्हीकडे सारखेच. भेटले की ते एकमेकांना विचारतात, "गंगास्नानम् आच्चा?" मी फराळाचे ताट घेऊन गेले तेव्हा उजाडायचे होते. पाट्टी नव्या साडीत खुर्चीवर बसलेल्या. मामी कॉफीचा पेला हातात धरून दाराशी, आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू. मामांनी तो परत द्यायचे नाकारले होते म्हणे. मामींच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसले आणि थोडी बेचैनीही. बत्तीस वर्षांची जागा अशी पाच महिन्यांत रिकामी करून द्यायची म्हणजे काही सोपे नसते.

आतला आवाज खडखडीवरून घरघरीवर आला. मामींनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. मान किंचित कलती. घरघर जाड झाली, ओली झाली.

"एन्ना," त्यांनी हाक मारली. हे त्यांच्या भाषेतले 'अहो'. "पोदुम्! पुरे!"

मिक्सर त्याच क्षणी बंद झाला. पण तो हाकेने झाला की आधीच होणार होता, यावर त्या घरात अजून एकमत नाही.