थांबलेले यंत्र बंद नसते!

शिरूर कासार तालुक्यात वीज जाणे नवलाचे नाही. ती परत केव्हा येईल, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. अपघाताचे मूळ या अनिश्चिततेत आहे. कडबाकुट्टीत वैरण अडकते, तेवढ्यात वीज जाते, यंत्र थांबते आणि माणूस निर्धास्तपणे आत हात घालतो. वीज परतताच पाते फिरू लागते. विहिरीवरील पंपाला ऑटोस्विच असेल, तर मोटारही आपोआप सुरू होते. हे स्विच काढावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करते, ते रोहित्रावरील भार टळावा म्हणून. माणसाच्या जिवासाठीही ते तितकेच अगत्याचे आहे.

बटण बंद करणे ही केवळ पहिली पायरी होय. मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप लावावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी. कुलपाची सोय नसेल, तर स्विच पाडल्यावर फ्यूज काढून जवळ ठेवावेत. मग बटण दाबून यंत्र सुरू होत नाही, याची खात्री करावी. फिरत्या चाकाची गती, कपॅसिटरमध्ये उरलेली वीज, उचललेल्या ट्रॉलीचा भार यांचाही बंदोबस्त आधी झाला पाहिजे. अमेरिकेने १९८९ मध्ये कारखान्यांसाठी हीच शिस्त सक्तीची केली.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २४ व्या कलमात, चुकून सुरू होऊ शकणारा स्विच कुलूपबंद करण्याची तरतूद होती. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यात सर्वसाधारणपणे १० कामगार असतील, तरच तो कायदा लागू होई. २०२० च्या संहितेने ही मर्यादा २० वर नेली. धोकादायक यंत्रांसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यात मळणीयंत्राचा विचार झाला. गोठ्यातील कडबाकुट्टीजवळ आणि गावच्या पिठाच्या गिरणीत मात्र कारखाना निरीक्षक फिरकत नाही.

या तालुक्यातील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. एकाचा हात गेला, की तो कोयताच मोडतो आणि उचल मात्र डोक्यावर राहते. म्हणूनच कडबाकुट्टीला अनुदान देताना कुलूप लावता येईल असा स्विच बसविण्याची अट शासनाने घालावी, आणि कृषी विभागाने ही शिस्त गावोगावी प्रत्यक्ष करून दाखवावी. एका कुलपाच्या खर्चापायी हात गमावण्याची पाळी कोणावरही येता कामा नये.